उणे तीन काढून घेतले तर वाढतं कसं? ५ − (−३) बद्दल सविस्तर

ताई, तुमचा प्रश्न वाचला. मुलगी सहावीत, सेमी इंग्लिशला, ५ − (−३) चं उत्तर ८ येतं हे तिला पटत नाही, "काढून घेतलं तर कमी व्हायला पाहिजे ना, वाढतं कसं?" असं विचारत बसते. तुम्ही कंटाळून "मायनस मायनस प्लस" पाठ करून घेतलंत, आणि आता ती −५ − ३ चं उत्तरसुद्धा +८ लिहून येते. आणि परीक्षा जवळ आलीय म्हणून तुम्ही विचारताय की हे समजावत बसू की नियम घोकून पुढे जाऊ.

मी चोवीस वर्षं पाचवी ते दहावीला गणित शिकवतेय, आणि दरवर्षी वर्गात दोनतीन पोरं तरी हाच प्रश्न विचारतात. बाकीची विचारत नाहीत, पण कळलेलं त्यांनाही नसतं, ती फक्त गप्प बसून पाठ करतात. त्यामुळे पहिली गोष्ट ही की तिचा प्रश्न अगदी बरोबर आहे. पहिलीपासून पाचवीपर्यंत आपणच तिला शिकवलं की वजाबाकी म्हणजे काढून घेणं आणि काढून घेतलं की कमी होतं. पेरू काढले, गोट्या काढल्या, प्रत्येक वेळी कमीच झालं. आता अचानक आपण म्हणतो की वाढतं. मग ती का मानेल?

खरी अडचण दोन ठिकाणी आहे आणि त्या दोन्ही एकत्र गुंतल्यात म्हणून पोरं गोंधळतात. एक म्हणजे "काढलं की कमी होतं" हे तोपर्यंतच खरं असतं जोपर्यंत आपण हातात असलेली वस्तू काढतोय. काढायची गोष्टच जर तूट असेल, उधारी असेल, तर ती काढल्यावर कमी होणार नाही, उलट भरून निघेल. दुसरी अडचण म्हणजे ती आडवी रेघ. ५ − (−३) मध्ये दोन रेघा आहेत आणि दोघींचं काम वेगळं आहे. पहिली रेघ सांगते काय करायचं, म्हणजे काढ. दुसरी रेघ सांगते कोणती संख्या, म्हणजे शून्याच्या डावीकडची तीन. मराठीत यासाठी दोन शब्द आहेत आणि ते वापरायची मुलांना सवय लावली ना की अर्धा गोंधळ तिथेच संपतो. क्रियेला "वजा" म्हणायचं आणि संख्येला "उणे" म्हणायचं. "पाच वजा उणे तीन." बातम्यांमध्ये नाही का सांगत, पारा उणे दहा अंशांवर, तिथे कोणी वजा दहा म्हणत नाही. सेमीला दोन्हीला मायनसच म्हणतात, "फाइव्ह मायनस मायनस थ्री", त्यात पोराच्या कानाला फक्त दोन मायनस ऐकू येतात आणि मग ते दोन मायनस कुठेही दिसले की त्यांचा प्लस करून टाकतं. तुमच्या मुलीचं −५ − ३ मध्ये हेच झालंय, तिला दोन रेघा दिसल्या आणि तिने पाठ केलेला नियम लावला. तिचा दोष नाही, नियमच अर्धवट सांगितलाय. सायंटिफिक कॅलक्युलेटर घरात असेल तर तिला दाखवा, त्यावर वजा करायचं बटण वेगळं असतं आणि उणे संख्येचं कंसातल्या रेघेचं बटण वेगळं असतं. मशिनला सुद्धा हा फरक सांगावा लागतो.

आता समजावायचं कसं. मी चिंचोके वापरते. आपण लहानपणी पटावर खेळायला चिंचोके दगडावर घासून दोन भाग करायचो, एक बाजू पांढरी आणि एक बाजू काळपट, तेच. पंधरावीस भाग करून ठेवा, ते नसतील तर पुठ्ठ्याचे गोल कापा, एका बाजूला रंग लावा. पांढरी बाजू वर असली की +१, काळी बाजू वर असली की −१. आणि एक पांढरा एक काळा शेजारी आले की दोघं मिळून शून्य, एकाने दिलं ते दुसऱ्याने खाल्लं.

इथे एक गोष्ट मला बऱ्याच वर्षांनी कळली ती सांगते. बहुतेकजण सुरुवातच ५ − (−३) पासून करतात. तसं करू नका. आधी −५ − (−३) घ्या. पाच काळे मांडा, त्यातून तीन काळे उचला. किती राहिले? दोन काळे, म्हणजे −२. संपलं. यात नियम नाही, काही नाही, साधी पहिलीतली वजाबाकी आहे, पाच वस्तूतून तीन वस्तू काढल्या. पण आता तिला विचारा, −५ वरून −२ वर आलो, म्हणजे संख्यारेषेवर कुठे सरकलो? उजवीकडे. वाढली की कमी झाली? वाढली. तूट पाचाची होती, दोनाची राहिली. इथे मूल स्वतःच्या डोळ्यांनी बघतं की काढलं तरी वाढलं, आणि त्याला ते विचित्र वाटत नाही कारण काळेच उचलले ना आपण.

हे दोनचार वेळा झालं की मग ५ − (−३) कडे या. पाच पांढरे मांडा. आता यातून तीन काळे उचल म्हणा. ती म्हणेल काळे नाहीतच. बरोबर आहे, नाहीतच. आता विचार करायला वेळ द्या, लगेच सांगू नका. पाच म्हणजे फक्त पाच पांढरेच असं कुठे आहे, सहा पांढरे आणि एक काळा मांडला तरी किंमत पाचच, सात पांढरे दोन काळे तरी पाचच, आठ पांढरे तीन काळे तरी पाचच, कारण प्रत्येक वेळी आपण शून्याची एकेक जोडी आणून ठेवली. आता तीन काळे आहेत, उचल. काय राहिलं? आठ पांढरे. तेवढंच ते आठ. तीन काळ्यांनी तीन पांढरे दाबून धरले होते, काळे उचलल्यावर ते मोकळे झाले.

हुशार पोरं इथे अडतात, आणि अडायलाच पाहिजे. "मॅडम, तुम्ही बाहेरून जोड्या आणल्या, ही चीटिंग आहे." याला माझं उत्तर असं की हेच तर तू दुसरीपासून करतेस. ४२ − १७ करताना दोनातून सात जात नाहीत, मग तू काय करतेस? एक दशक मोडतेस आणि चार दशक दोन एककचे तीन दशक बारा एकक करतेस. बेचाळीसची किंमत बदलली का? नाही. फक्त मांडणी बदलली, कारण हवे तेवढे सुटे हातात नव्हते. इथे पण तेच, हवे ते काळे हातात नव्हते म्हणून पाचाची मांडणी बदलली. हातच्याची वजाबाकी आठवली की चीटिंगचा आरोप बहुतेकदा गळून पडतो.

आता तिची चूक, −५ − ३. पाच काळे मांडा, त्यातून तीन पांढरे काढायचेत, पांढरे नाहीत, मग तीन जोड्या आणा, आता आठ काळे आणि तीन पांढरे, पांढरे उचला, राहिले आठ काळे. −८. म्हणजे आधीच पाचाची तूट होती आणि वर अजून तीन गेले. तिला हे स्वतःच्या हाताने करू द्या, तुम्ही मांडून दाखवू नका, हाताने उचललेलं डोक्यात राहतं.

दुसरा मार्ग उधारीचा. हा सगळेच सांगतात पण अर्धवट सांगतात. समजा तुमच्या पाकिटात ५०० ची नोट आहे आणि वाण्याच्या वहीत तुमच्या नावावर ३०० लिहिलेत. मग खरे तुमचे पैसे किती? २००. आता काही कारणाने वाणी म्हणाला, जाऊ द्या ताई, ते तीनशे राहू द्या, आणि वहीतल्या ओळीवर रेघ मारली. तुमच्याकडून त्याने काय काढून घेतलं? उधारी. तुमचे आता किती? पूर्ण ५००. म्हणजे २०० − (−३००) = ५००. तुमच्या हातात एक रुपया नवीन आला नाही तरी तुमचे तीनशे वाढले. पण सांभाळून, इथे "कर्ज फेडलं" असं म्हणू नका. फेडलं तर पाकिटातले ३०० पण गेले आणि वहीतले ३०० पण गेले, तुम्ही होता तिथेच, २०० वर. मुलांना घरातले व्यवहार माहीत असतात, ती लगेच विचारतात की पैसे तर द्यावे लागले मग वाढले कुठे. माफ होणं आणि फेडणं वेगळं आहे, उदाहरणात माफच व्हायला पाहिजे. या एका शब्दामुळे मी स्वतः वर्गात अडकलेय, म्हणून एवढं सांगतेय.

ऋण या शब्दाचा अर्थच मुळात कर्ज. इसवी सन ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने आपल्या ग्रंथात धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरीज वजाबाकीचे नियम मांडले, त्यात शून्यातून ऋण वजा केलं की धन मिळतं हे स्पष्ट आहे. पुढे बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी बीजगणितात तर अगदी आपल्या सहावीच्या पुस्तकासारखा नियम दिलाय, की जी राशी वजा करायची ती धन असेल तर ऋण होते, ऋण असेल तर धन होते, आणि मग नेहमीसारखी बेरीज करायची. म्हणजे विरुद्ध संख्या मिळवा. आणि दुसऱ्या बाजूला, १७५८ मध्ये इंग्लंडमध्ये फ्रान्सिस मासेरेस नावाच्या गणितीने ऋण संख्यांच्या वापराविरुद्ध अख्खा ग्रंथ लिहिला. हे तुमच्या मुलीला नक्की सांगा. चांगल्या शिकलेल्या मोठ्या माणसाला अठराव्या शतकात या संख्या पटत नव्हत्या, मग अकरा वर्षांच्या मुलीला चार दिवस पटल्या नाहीत तर काय बिघडलं.

तिसरा मार्ग वयाचा, आणि मला हा सगळ्यात आवडतो कारण इथे काढून घेण्याचा विचारच करावा लागत नाही. वजाबाकीचा दुसरा अर्थ म्हणजे फरक. ताई पाच वर्षांची आहे आणि भाऊ दोन वर्षांचा, फरक ५ − २ = ३. भाऊ आजच जन्मला, फरक ५ − ० = ५. आता समजा भाऊ अजून जन्मलाच नाही, तीन वर्षांनी जन्मणार आहे, म्हणजे आज त्याचं वय उणे तीन धरू. तो जन्मेल तेव्हा ताई केवढी असेल? आठ वर्षांची. आणि वयातला फरक तर आयुष्यभर तोच राहतो, आज काय आणि पन्नास वर्षांनी काय. म्हणून आजचाही फरक आठच, ५ − (−३) = ८. यात एक मोठी गोष्ट लपलीय, दोन्ही संख्यांमध्ये सारखंच काहीतरी मिळवलं तर फरक बदलत नाही. दोघांचंही वय तीनने वाढवलं, ५ चं ८ झालं आणि −३ चं ० झालं, ८ − ० = ८. नियम कुठून येतो ते इथे उघड दिसतं, उणे तीनला शून्यावर आणायला तीन मिळवावे लागतात आणि तेवढेच पाचातही मिळवावे लागतात, म्हणून + ३.

मॉलच्या लिफ्टचं उदाहरण पण असंच, बी-२ पार्किंगमधून चौथ्या मजल्यावर जायला ४ − (−२) = ६ मजले. आपल्याकडे तळमजल्याला शून्य धरतात म्हणून हे नीट जमतं. इसवी सनपूर्व आणि इसवी सन यांचं उदाहरण मात्र देऊ नका, तिथे शून्य साल नाही त्यामुळे उत्तर एकाने चुकतं आणि नवीनच गोंधळ होतो.

आता यातला कोणता मार्ग तुमच्या मुलीला लागू पडेल हे मी इथून सांगू शकत नाही, ते मुलावर आहे. हाताने काम करायला आवडणाऱ्या पोरांना चिंचोके. दुकानात पाठवता, हिशोब करते, तर उधारी. भावंडं असतील तर वय. काहींना जमिनीवर फरश्या मोजत चालायला आवडतं, वजा म्हणजे उलट्या पावलांनी चाल आणि उणे म्हणजे डावीकडे तोंड कर, मग डावीकडे तोंड करून उलटं चाललं की उजवीकडे जातो. हे मजेशीर आहे पण माझा अनुभव असा की पोरांना चालणं लक्षात राहतं आणि का चाललो ते विसरतात, त्यामुळे मी हे फक्त शेवटी सराव म्हणून घेते. एक मात्र सगळ्यांनाच लागू आहे, एकाच दिवशी सगळी उदाहरणं सांगू नका. एक घ्या, तीनचार दिवस तेच चालवा. घाईत मी हे केलंय, एका तासात तीन उदाहरणं, आणि दुसऱ्या दिवशी पोरं चिंचोक्यांची उधारी माफ करत होती.

उदाहरणं म्हणजे पुरावा नव्हे हेही खरं. तिने विचारलं की पण हे नक्की असंच का, दुसरं का नाही, तर तिला ताळा करायला सांगा. तिसरीचौथीपासून वजाबाकीचा ताळा करतोच आपण, ८ − ३ = ५, ताळा ५ + ३ = ८. म्हणजे आलेल्या उत्तरात वजा केलेली संख्या परत मिळवली की मूळ संख्या आली पाहिजे. वजाबाकी म्हणजे दुसरं काही नाहीच, बेरजेचा उलटा प्रश्न आहे. आता ५ − (−३) चं उत्तर तिला वाटतं तसं २ असेल तर ताळा कर, २ + (−३) = −१. पाच आले का? नाही. आता ८ ने बघ, ८ + (−३) = ५. जमलं. आणि ८ सोडून दुसरी कुठलीही संख्या घे, त्यात उणे तीन मिळवून पाच येतच नाहीत. म्हणजे हे कोणी बसून ठरवलेलं नाही, ताळा जुळायचा असेल तर आठच यावं लागतं. माझ्या मते पूर्ण धड्यातली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे आणि पोरांना ती आधीच येत असते, आपण फक्त आठवण करून द्यायची. शिवाय −५ − ३ ला तिने +८ लिहिलं की तुम्ही चूक म्हणायची गरजच नाही, ताळा कर म्हणा, ८ + ३ = ११, −५ आले नाहीत, तिची तीच खोडेल.

"मायनस मायनस प्लस" हे वाक्य मी वर्गात बंद केलंय. ते खोटं आहे असं नाही पण ते कशाबद्दल आहे हे त्यात सांगितलेलंच नाही. सातवीत गुणाकार येईल, (−२) × (−३) = ६, तिथे उत्तराचं चिन्ह अधिक येतं. वजाबाकीत तसं नाही, −७ − (−२) = −५, उत्तर उणेच आहे, बदलली ती फक्त क्रिया. पोरं दोन्हीची खिचडी करतात आणि −७ − (−२) ला +५ किंवा +९ लिहितात. त्याऐवजी मी एवढंच म्हणायला लावते, "उणे तीन वजा करणं म्हणजे तीन मिळवणं." लांब आहे, पण यात काय वजा करतोय आणि काय मिळवतोय दोन्ही आलं.

एवढं झालं की तिला एका कागदावर ही चार गणितं एकत्र द्या, ५ − (−३), −५ − (−३), −५ − ३ आणि −५ + ३. आधी प्रत्येक मोठ्याने वाचायला लावा, कुठे वजा आणि कुठे उणे ते बरोबर म्हणते का बघा. मग सोडवायच्या आधी फक्त एवढंच विचारा की संख्यारेषेवर पहिल्या संख्येपासून उजवीकडे जाशील की डावीकडे. उत्तरं येतील ८, −२, −८, −२. दुसरं आणि शेवटचं, दोन्हीकडे −२ का आलं हे तिने स्वतःहून सांगितलं तर समजा की कळलं, त्यानंतर हा धडा परत काढायची गरज नाही.

राहिला परीक्षेचा प्रश्न. पेपरात चिंचोके काढायचे नसतात, तिथे ५ − (−३) = ५ + ३ = ८ अशी मधली पायरी लिहायची, म्हणजे विरुद्ध संख्या मिळवली हे दिसतं आणि सोडवताना चूकही होत नाही. घाई असेल तर चिंचोके आणि ताळा एवढंच घ्या, रोज वीस मिनिटं, चार दिवस. माझ्या वर्गात साधारण तेवढ्यात होतं. पाचव्या दिवशीही −५ − ३ ला +८ च आलं तर तिने प्रत्येक पायरी कशी वाचली ते इथे लिहा, ती रेघ कुठे चुकीची वाचतेय ते शोधू.